पोरं हरली की मोबाईल पेटतात: कॉलेजचा कबड्डी संघ आणि ऑनलाइन शेरेबाजी (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

नवी मुंबईतल्या एका कॉलेजच्या कबड्डी संघाबरोबर मी सात वर्षं आहे. कागदावर 'सहायक प्रशिक्षक'. प्रत्यक्षात पाण्याचे कॅन, गुडघ्याच्या पट्ट्या, ओळखपत्रांच्या झेरॉक्स आणि अलीकडे पोरांचे मोबाईल सांभाळणारा माणूस. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, पोरांचीही नाही. त्यांना त्यांच्या जागेवरून ओळखा: डावा कोपरा, मुख्य चढाईपटू वगैरे. गेल्या हंगामात जे झालं त्यानंतर पालक, माजी विद्यार्थी, घणसोली-तळवलीचे मंडळवाले, खुद्द पोरं, सगळे तेच तेच विचारतात. टपरीवर वीस वेळा सांगून झालं, आता एकदाच लिहून टाकतो.

नक्की झालं काय होतं?

ठाण्यात आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची उपांत्य फेरी. शेवटचं दीड मिनिट, आम्ही एका गुणाने पुढे. समोरच्यांच्या दोन चढाया रिकाम्या, म्हणजे गुणाशिवाय गेलेल्या, म्हणून तिसरी 'करो या मरो'ची: गुण नाही मिळाला तर चढाईपटू बाद. आमच्या डाव्या कोपऱ्याने घोटा धरायला झेप घेतली, जराशी लवकर. चढाईपटूने पाय सोडवला, मदतीला धावलेल्या आमच्या मध्यरक्षकाला अंगावर घेऊन मध्यरेषेला हात टेकवला. दोन गुण. उरलेल्या वेळात कुणालाच काही मिळालं नाही, एका गुणाने हरलो.

ट्रान्स-हार्बरची गाडी ठाण्याहून सुटायच्या आत अकरा सेकंदांची रील फिरत होती. झेप, निसटलेला पाय, पुन्हा तीच झेप. मागे रडकं गाणं आणि खाली ओळ: 'याला संघात घेतला कुणी?' ऐरोली यायच्या आत ती आमच्याच डब्यात, आमच्याच पोरांच्या मोबाईलवर तीनदा वाजली. आमचा डावा कोपरा दाराशी उभा होता. रबाळ्याला त्याने फोन बंद करून बॅगेत टाकला आणि घणसोलीला 'येतो सर' न म्हणता उतरला. सात वर्षांत हे पहिल्यांदा.

संघावर परिणाम होतो म्हणजे काय? पोरं रडतात का?

रडणारं पोरगं मला परवडतं. रडून मोकळं होतं, दुसऱ्या दिवशी सरावाला येतं. मला भीती वाटते ती न रडणाऱ्याची. परिणाम त्याच्या डोळ्यांत शोधत बसू नका, गुणपत्रिका बघा.

त्या रीलनंतरच्या पहिल्या सामन्यात आमच्या डाव्या कोपऱ्याच्या नावावर एकही चूक नव्हती. लोक म्हणाले, बघा, सावरला. मी वही उघडली. आधीच्या सामन्यांत सहा-सात वेळा पायाला जाणारा पोरगा त्या दिवशी दोनदाच गेला होता, आणि दोन्ही वेळा चढाईपटू दुसऱ्या कुणीतरी धरल्यावर. तो चुकत नव्हता कारण तो खेळतच नव्हता. रीलमध्ये येणार नाही एवढीच काळजी घेत होता.

चढाईपटूचंही तसंच. समोर सहा किंवा सात बचावपटू असले की बोनस, म्हणजे एक जादा गुण, घ्यायची मुभा असते. त्यासाठी एक पाय बोनस रेषेपलीकडे आणि मागचा पाय हवेत लागतो. म्हणजे तोल अर्धा गेलेला. पकडला गेलास तर उघडं पडतोस. ज्याच्या डोक्यात कमेंट बसली आहे तो बोनसला जात नाही. चढाई वैध ठरायला लागते ती 'निदान रेषा' तेवढी ओलांडतो, तीस सेकंदांतले पंचवीस घालवतो, परत येतो. रिकामी चढाई. मग दुसरी रिकामी. तिसरी आपोआप 'करो या मरो' होते आणि तिथे समोरचे सात जण त्याची वाटच बघत असतात. कमेंट लिहिणाऱ्याला वाटतं 'बघा, म्हणत होतो ना, हा भित्रा आहे.'

यात शरीराचाही भाग आहे. घोट्याची पकड हजार वेळा केली की ती विचार न करता होते. 'माझा हात आता बरोबर जातोय ना' असं मनात आलं की तीच गोष्ट अडखळते, जसं जिना उतरताना पायऱ्या मोजायला लागलं की पाय चुकतो. शिवाय रात्री दोनपर्यंत कमेंट वाचत पडलेल्या पोराला सकाळी साडेसहाच्या सरावात पळवून बघा.

पण बोलले तर एकालाच ना? बाकी सहा जणांनी खेळावं की.

कबड्डीत एकटा कुणी बचाव करत नाही. कोपऱ्याने पाय धरायचा, त्याच क्षणी शेजारच्याने कंबर, मग बाकीच्यांनी दाबायचं. साखळीत तर हातात हात असतो. कोपरा अर्धा क्षण थांबला की मध्यरक्षक उघडा पडतो आणि दोष त्याच्या नावावर लागतो. मग पुढची रील त्याची. दोन आठवड्यांत आमचे तीन बचावपटू एकमेकांकडे बघून 'तू जा' करत होते.

पूर्वी मैदानावर शिव्या पडायच्याच. आम्ही नाही का सहन केल्या?

केल्या. मीही केल्या. कोपरखैरण्याच्या रात्रीच्या स्पर्धांत बल्बच्या माळेखाली, मातीच्या मैदानावर, रेषेपासून हातभर अंतरावर बसलेले काका लोक काय काय बोलायचे ते इथे छापण्यासारखं नाही. पण तेच काका सामना संपल्यावर वडापाव हातात द्यायचे आणि सांगायचे, 'पोरा, डावा पाय मागे ठेवत जा.' शिवी हवेत विरायची. बोलणारा दिसायचा, त्याला आपणही दोन शब्द ऐकवू शकायचो.

आता शिवी विरत नाही. ती रात्री बारा वाजता आत्याच्या गावच्या ग्रुपवर जाते, सकाळी बहिणीच्या वर्गात पोचते, आठवड्याने परत वर येते. आणि मैदानावर शिवी देणाऱ्याने निदान चाळीस मिनिटांचा सामना बघितलेला असायचा. रील बघणाऱ्याने अकरा सेकंद बघितलेले असतात. त्याच सामन्यात या पोराने पहिल्या डावात चार पकडी केल्या होत्या, हे त्या अकरा सेकंदांत कुठून येणार?

मोठ्या खेळाडूंनाही हे होतंच. ते सावरतात, मग आपल्या पोरांना काय झालं?

हार्दिक पांड्याचं उदाहरण प्रत्येक जण देतो, म्हणून तेच घेऊ. २०२४ च्या आयपीएलमध्ये रोहित शर्माच्या जागी मुंबईचा कर्णधार झाला म्हणून वानखेडेवर, स्वतःच्याच घरच्या मैदानावर त्याची हुर्यो उडवली गेली. नाणेफेकीच्या वेळी समालोचक संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना 'नीट वागा' म्हणावं लागलं. त्या हंगामात मुंबईचा संघ तळाला राहिला. हुर्योमुळेच राहिला असं मी म्हणणार नाही, कारणं बरीच होती. पण २९ जूनला बार्बाडोसमध्ये विश्वचषकाचं शेवटचं षटक टाकून त्याने १६ धावा वाचवल्या आणि ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. गोष्ट छान आहे.

फक्त हिशेब करा. त्याला परतफेडीची संधी तीन महिन्यांत, साऱ्या जगासमोर मिळाली. अर्शदीप सिंगने ४ सप्टेंबर २०२२ ला दुबईत पाकिस्तानविरुद्ध झेल सोडला आणि त्याला देशद्रोही ठरवण्यापर्यंत मजल गेली. पण त्याच्या बाजूने संघ उभा होता, माजी खेळाडू उभे होते. २०२१ मध्ये मोहम्मद शमीच्या धर्मावर लोक घसरले तेव्हा विराट कोहली कर्णधार म्हणून उघडपणे त्याच्या बाजूने बोलला.

आमच्या पोराच्या मागे कोण? मी आणि जिमखान्याचे सर. त्याला पुढची संधी थेट पुढच्या वर्षी, आणि तेव्हा तो शेवटच्या वर्षाला. राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के समांतर आरक्षण आहे, पण त्यासाठी वरच्या पातळीवरच्या स्पर्धांतली कामगिरी लागते. तिथे जायचा रस्ता याच सामन्यांतून जातो. त्याच्यासाठी हा खेळ छंद नाही, घरच्या पुढच्या वीस वर्षांचा प्रश्न आहे.

हे लिहितं कोण? समोरच्या कॉलेजची पोरं?

फार थोडी. ही गोष्ट लोकांना पटत नाही. आम्ही एका रविवारी बसून ती खाती बघितली. परक्यांच्या कमेंट होत्या, पण बोथट: 'हाहा', 'गेली मॅच', दोन-चार हसरे चेहरे. जिव्हारी लागणाऱ्या ओळी ओळखीच्यांच्या होत्या. एक माजी कर्णधार. एक मुलगा जो चाचणीत याच जागेसाठी मागे पडला होता. एक मावसभाऊ. परक्याला तुमचं दुखणं कुठे आहे ते माहीतच नसतं. वडील आजारी असताना सराव बुडला होता हे ओळखीच्यालाच ठाऊक असतं, आणि नेमकं तेच कमेंटमध्ये येतं: 'सरावाला न येणाऱ्याला खेळवलं की असंच होणार.'

क्रिकेटच्या ताऱ्यांना शिव्या देणारा त्यांना उद्या भेटत नाही. आमच्या पोराला तो उद्या कॅन्टीनमध्ये भेटतो. 'काय भाई, मजेत?' असं विचारतो.

मुलींच्या संघाचं काय?

वेगळं आणि वाईट. मुलांच्या खेळावर बोलतात, मुलींच्या खेळाकडे जायच्या आधीच कपड्यांवर, रंगावर, अंगावर बोलतात. अमेरिकेत कॉलेज खेळांची संघटना एनसीएए हिने २०२४ मध्ये खेळाडूंना येणाऱ्या ऑनलाइन शिवीगाळीचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात महिला बास्केटबॉलपटूंना पुरुषांच्या सुमारे तिप्पट धमक्या आल्याचं दिसलं. आपल्याकडचा आकडा माझ्याजवळ नाही, पण लाइव्ह चॅट माझ्याजवळ आहे.

सामने यूट्यूबवर थेट जातात. एका बचावपटूच्या घरी, बोनकोडे गावात, सगळं घर टीव्हीवर तिचा सामना बघत होतं. स्मार्ट टीव्हीवर चित्राच्या बाजूला चॅटची पट्टी सरकते, हे त्यांच्या लक्षातच नव्हतं. आजीने नातीला विचारलं, 'हे बाजूला काय लिवतात गो?' वडिलांनी टीव्ही बंद केला. मुलगी त्यानंतर दोन आठवडे सरावाला आली नाही. तिने चूक काही केली नव्हती, उलट तो सामना आम्ही जिंकलो होतो.

३० ऑक्टोबर २०२५ ला आमच्या चार मुली नेरुळला डी. वाय. पाटील स्टेडियमवर होत्या. जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ करून ३३९ धावांचं लक्ष्य गाठून दिलं तो सामना. खेळी सगळ्यांनीच बघितली. पण मुलींच्या बोलण्यात नंतर आलं ते वेगळंच: सामन्यानंतर ती रडत, लपवाछपवी न करता म्हणाली की स्पर्धाभर ती मनातल्या घालमेलीशी झगडत होती. आमची ती बचावपटू मला म्हणाली, 'सर, तिलापण होतं.' सरावाला परत यायला तेवढं पुरलं. वडिलांना समजवायला मात्र आम्हाला तीन फेऱ्या मारायला लागल्या.

म्हणजे आम्ही टीका करायचीच नाही का?

करा की. 'कोपरा लवकर गेला, चढाईपटूचा मागचा पाय अजून जमिनीवर होता' ही टीका आहे. मी ती फळ्यावर लिहून पोरांना दाखवली आहे. लायकी, आईबाप, गाव, जात काढणं ही टीका नाही. फरक कळत नसेल तर तेच वाक्य त्याच्या वडिलांसमोर मोठ्याने म्हणून बघा.

तिसरी चढाई होती. नुसतं लांब उभं राहिलं असतं तरी चढाईपटू बाद झाला असता. एवढं कळत नव्हतं का त्याला?

हा सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न, आणि विचारणारे कबड्डी जाणणारे आहेत. बरोबरच आहे, तिसऱ्या चढाईत गुण नाही मिळाला तर चढाईपटू बाद. पण ज्याला माहीत आहे की रिकामं परतलो तर बाहेर, तो अंगावर येतो. कोपऱ्याला मागे सरकायला अंतिम रेषेपर्यंतच जागा. तरीही मान्य, त्या क्षणी थांबता आलं असतं.

तो थांबला नाही, कारण बाहेरून 'धर!' असा आवाज आला. तो आवाज माझा होता.

मूळ चित्रफितीत तो स्पष्ट ऐकू येतो. रीलमध्ये त्या जागी गाणं आहे. आणि मी तीन दिवस गप्प बसलो. ग्रुपवर लोक त्याला सोलत होते आणि मी 'वाद नको' म्हणून बघत होतो. चौथ्या दिवशी आवाजासकट फीत टाकली आणि लिहिलं की हाक माझी होती. त्यानंतर शिव्या मला पडल्या. माझं वय सेहेचाळीस, मला कुठल्या संघात निवडून यायचं नाही. मला त्या झेपल्या. पण ते तीन दिवस त्याला परत देता येत नाहीत.

पैजेचा काही संबंध असतो का?

असतो. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासात शिवीगाळीतला सुमारे १२ टक्के भाग सट्टेबाजीशी जोडलेला होता. आपल्याकडे पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या कायद्याने बंदी आली, पण मैदानाबाहेरची पैज कायदा विचारून लागत नाही. हरल्यावर 'माझे पाचशे गेले तुझ्यामुळे' असा मेसेज आमच्या चढाईपटूला आलेला आहे.

पोलिसांत जाता येतं का? '६६ अ' लावा म्हणतात.

ते कलम आता नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्यातलं ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. त्यामागच्या घटनांपैकी एक आपल्या शेजारची: नोव्हेंबर २०१२ मध्ये फेसबुकवरच्या पोस्टवरून पालघरच्या दोन तरुणींना अटक झाली होती, आणि तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होतं. म्हणून 'कमेंट केली, आत टाका' हा हट्ट मला मुळीच पसंत नाही. खेळावरची कडू कमेंट हा गुन्हा नाही आणि नसावा.

धमकी, पाठलाग, अश्लील मजकूर ही वेगळी गोष्ट. भारतीय न्याय संहितेत धमकीसाठी कलम ३५१ आहे, नाव लपवून दिलेली धमकी त्यातच येते. महिलेचा ऑनलाइन पाठलाग ७८ मध्ये, तिच्या विनयाला बाधा आणणारे शब्द ७९ मध्ये. अश्लील मजकुरासाठी माहिती तंत्रज्ञान कायद्याचं ६७. अकरावी-बारावीतली पोरं अठराच्या आतली असतात, तिथे पोक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा कायदा, लागू शकतो, हे कमेंट करणाऱ्यांच्या गावीही नसतं. तक्रार राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर किंवा जवळच्या पोलीस ठाण्यात. १९३० हा क्रमांक मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे, इथे त्यावर वेळ घालवू नका.

आणि रागाच्या भरात काही डिलीट करू नका. स्क्रीनशॉटमध्ये खात्याचं नाव, तारीख, वेळ दिसली पाहिजे, लिंक वेगळी जपून ठेवा. लाइव्ह चॅट तर चालू असतानाच स्क्रीन रेकॉर्ड करा, नंतर मिळेलच असं नाही.

स्पर्धेच्या आधी पोरांचे फोन काढून घ्या ना!

घेतले होते. एका दिवसात तीन पालकांचे फोन मला आले, दोन पोरांनी दुसरा फोन आणला आणि एकाला वर्गमित्राने तोंडी सगळ्या कमेंट वाचून दाखवल्या. तोंडी तर जास्त लागतात.

मग तुम्ही बदललं काय?

थोडंच, पण टिकलेलं. संघाचं खातं आता खेळाडूंपैकी कुणाकडेच नाही. ते सांभाळते एक माजी विद्यार्थिनी, जी बेलापूरला नोकरी करते आणि जिला कबड्डीत फारसा रस नाही. हा रस नसणं फार उपयोगाचं ठरलं. शिव्यांच्या कमेंट आपोआप अडवायला ती शब्दांची यादी लावते. पहिल्या यादीत आम्ही मराठी शिव्या देवनागरीत टाकल्या होत्या आणि एकही अडकली नाही, कारण लोक रोमन लिपीत लिहितात, मध्ये टिंब नि तारे घालून. आता प्रत्येक शिवीची सात-आठ रूपं यादीत आहेत. तिच्या आईने एकदा ती यादी बघितली, तो किस्सा वेगळा.

चित्रण करणाऱ्यांशीही बोललो. चॅट बंद करायला ते तयार नसतात, चॅटमुळे प्रेक्षक टिकतो असं त्यांचं म्हणणं, आणि त्यांचं पोट त्यावर आहे. मग मुलींच्या सामन्यांना चॅट बंद, मुलांच्या वेळी स्लो मोड (एकाला लागोपाठ मेसेज टाकता येत नाहीत), यावर तडजोड झाली.

पोरांना इन्स्टाग्रामवरचं 'रिस्ट्रिक्ट' शिकवलं. ब्लॉक केलं की समोरच्याला कळतं आणि तो नव्या खात्यावरून येतो. रिस्ट्रिक्टमध्ये त्याची कमेंट त्याला एकट्यालाच दिसते. बसू दे बोलत.

आणि हरल्यानंतर पहिली पोस्ट आमची जाते, माझ्या नावाने, काय चुकलं ते लिहून. कोपऱ्याचं नाव त्यात नसतं.

पालकांनी काय करावं?

कमेंट करणाऱ्याशी तुम्ही तिथे भांडू नका. एका वडिलांनी ते केलं, दुसऱ्या दिवशी त्यांचीच रील आली. जेवताना 'काय लिहिलंय रे लोकांनी' विचारण्याऐवजी 'उद्या सराव किती वाजता' विचारा. झोप उडाली असेल, जेवण सुटलं असेल, पोरगं घराबाहेर पडत नसेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे, मराठीत बोलता येतं. आमच्यातल्या एकाने लावला होता. तो कोण ते मी विचारलं नाही.

आम्ही कॉलेजचं कन्फेशन पेज (निनावी पोस्टचं) चालवतो. लोक पाठवतात ते फक्त पोस्ट करतो, आमचा काय दोष?

पाठवलेलं सगळंच टाकता का? प्राचार्यांबद्दल आलेलं टाकलंत का कधी? नाही ना. म्हणजे निवडता तुम्हीच.

भरपूर चांगल्या कमेंट लिहिल्या तर तोल साधेल?

अर्धवट. वाईट एक, चांगल्या वीस असल्या तरी रात्री आठवते ती एकच. शिवाय 'किंग', 'वाघ', 'एक नंबर' याचाही भार होतो. वाघाने बोनस सोडला की लोक दुप्पट चिडतात. लिहायचंच असेल तर नेमकं लिहा: 'पहिल्या डावातली ती मांडीची पकड झकास.' पोरं अशी ओळ जपून ठेवतात, मी बघितलंय.

तो डावा कोपरा खेळतो का अजून?

खेळतो. मधले दोन महिने पकडीला जातच नव्हता, मग आम्ही सरावात नियम केला की सामन्यातल्या पहिल्या चढाईला त्याने जायचंच, सुटला तरी चालेल, वहीत त्याचा गुण मी लिहीन. परवा गोठिवलीच्या स्पर्धेत पहिल्याच चढाईला गेला. पाय सुटला, बाद झाला, बाहेर माझ्या शेजारी येऊन बसला. कुणीतरी मोबाईल वर धरलेला होता. त्याने पाण्याची बाटली मागितली आणि विचारलं, 'सर, लिहिलात का?'